शेवटचे पंधरा फूट

नेहालेम खोरं, ऑरेगन
सोमवार, १४ एप्रिल २००८

आयली,

उपग्रहाच्या आकड्यांवरून लपवलेले डबे शोधायच्या त्या खेळाच्या वेबसाईटच्या तपासनिसाने तुला तीन निरोप पाठवले आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. माझ्याशी बोलत नाहीस ते मी समजू शकते. त्या बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलंय? पगार घेत नाही, शिव्या खातो आणि लोकांचे हरवलेले डबे सांभाळतो. बर्निसने मला तिच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. तुझ्या आणि उक्कीच्या डब्याच्या नावापुढे लाल रेघ मारून ठेवली आहे. तिघांना डबा सापडला नाही, मालकीण दखल घेत नाही, एक मेपर्यंत काही झालं नाही तर नोंद कायमची बंद. एकदा बंद झाली की पुन्हा उघडत नाहीत म्हणे. तुझ्या आजोबाचं, उक्कीचं, नाव जगात दोनच ठिकाणी लिहिलेलं आहे, दफनभूमीतल्या दगडावर आणि त्या नोंदीत. दगडाची काळजी मी घेते. नोंद तुझी आहे.

हं. आता खुशाली. मी बरी आहे, डावा गुडघा सोडून. कोंबड्या अंडी घालतायत. डिसेंबरच्या वादळात वाफेच्या सौनाचं छप्पर उडालं होतं ते बसवून झालं. तुझी आई फोनवर सांगते की तिकडे वाळवंटात, टुसॉनला, आत्ताच लोक सावली शोधत फिरतात. इथे अजून पायात लोकरीचे मोजे आहेत. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. सहावीनंतर मी शाळा पाहिली नाही, सरळ कारखान्यात ट्यूना मासे साफ करायला उभी राहिले. माझा हात सुरीला सरावलेला आहे, पेनाला नाही.

तर बातमी अशी की मी जीपीएस घेतलं. हातात धरायचं, खरंखुरं, स्वतःचं.

हस, हस. 'अब्जावधींचे उपग्रह वापरून झाडाखालचा प्लास्टिकचा बेडूक शोधणारे दोन वेडे' असं तुम्हाला म्हणणारी मीच होते. आता ते यंत्र माझ्या ॲप्रनच्या खिशात असतं. काल कोंबड्यांना दाणे टाकायला गेले तर परत घर किती फूट ते बघून आले. एकशे बारा.

का घेतलं ते सांगते. तुमचा डबा मी परत जागेवर, रानातल्या त्याच बुंध्यात, ठेवायचं ठरवलं. डबा माझ्याकडे कुठून आला ते पुढे येईल, घाई करू नकोस. मला वाटलं, यंत्र कशाला हवंय? त्या रानात चाळीस वर्षं मी पिवळ्या अळंब्या वेचल्यात. मार्चमध्ये निघाले. अगं, रानच नाही तिथे. वादळाने सगळे फर आणि हेमलॉक वृक्ष आडवे पाडलेत, काडेपेटी उपडी करावी तसे. खुणेचा ओढा झाडांखाली, वाट झाडांखाली. तीन तास खोडांवरून चढउतार केली आणि बाहेर आले ती भलत्याच रस्त्यावर. एका लाकूड वाहणाऱ्या ट्रकवाल्याने मला घरी सोडलं आणि वर विचारलं, आजी, घरी कोणी सांभाळायला आहे का. त्या दिवशी मी ठरवलं.

बर्निस माहीत आहे ना, टपाल वाटायची ती, आता निवृत्त होऊन डबे शोधते. ती म्हणाली, माझं यंत्र घेऊन जा. मी म्हटलं नको. उसन्या चष्म्याने मी बायबलही वाचत नाही. तिच्याच गाडीतून अस्टोरियाला गेलो, बंदरावरच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात. तिथला लोवेल काचेआड तीन यंत्रं घेऊन बसला होता. एक पिवळं, स्वस्त, साबणाच्या वडीएवढं. एक राखाडी, साधा पडदा, पण आत नवी चिप. आणि एक रंगीत पडद्याचं, नकाशे, होकायंत्र आणि हवेचा दाब दाखवणारं. लोवेल अर्धा तास त्या रंगीतचंच कौतुक करत होता. मिसेस लाम्पिनेन, यात अख्खी अमेरिका आहे, म्हणाला. मी म्हटलं, मला अमेरिकेतला एक बुंधा हवाय, बाकीची तू ठेव.

मग मी त्याला माझ्या पद्धतीने विचारलं. लोकरी हातमोजा घालून बटणं दाबून बघितली. रंगीतची बटणं मुंगीच्या डोक्याएवढी, एक दाबावं तर तीन दाबली जात. डोळ्यात मोतीबिंदू असताना आकडे दिसतात का ते उन्हात आणि सावलीत बघितलं. रंगीत पडदा उन्हात आरशासारखा, त्यात फक्त मीच दिसत होते, आणि ते बघायला मी पैसे देत नाही. सेल कुठले लागतात ते विचारलं. टॉर्चचे दोन साधे सेल हवेत, जे आपल्या गावच्या दुकानातही मिळतात. शेवटी म्हटलं पाण्याची बादली आण. लोवेलचा चेहरा बघायला हवा होतास. पण तिन्ही यंत्रांवर पाणी चालतं असं लिहिलं होतं, मग बुडवायला काय हरकत? बुडवली. तिन्ही जगली.

खरी परीक्षा झाडाखाली. बर्निस सांगत होती की उघड्यावर सगळीच यंत्रं शहाणी असतात, दाट झाडी आली की आकाश हरवतं आणि बाण गोल फिरायला लागतो. दुकानामागच्या टेकडीवर जुने फर शाबूत आहेत. तिथे मी जमिनीत एक चमचा खोचला, तिन्ही यंत्रांना ती जागा लक्षात ठेवायला लावली, आणि लोवेलला सांगितलं की आता आपण लांब जाऊन परत यायचं, दरवेळी वेगळ्या बाजूने, चमच्याकडे न बघता. दुकानाला कुलूप लावून आला बिचारा. पिवळ्याने मला एकदा साठ फुटांवर सोडलं, एकदा चक्क म्हणालं की उपग्रहच नाहीत. रंगीत बरं होतं. राखाडीने तिन्ही वेळा पंधरा फुटांच्या आत आणलं.

"चमच्यावरच का नाही आणत?" मी विचारलं.

"कुठलंच आणत नाही," बर्निस म्हणाली. "शेवटचे पंधरा फूट आपले डोळे. तीच तर मजा आहे, बाई."

राखाडी घेतलं. चमचा विसरले, तो अजून तिथेच आहे. त्याचे आकडे आहेत माझ्याकडे.

शुक्रवारी निघालो. पाठीवर डबा, हातात यंत्र, डोक्यावर उक्कीची टोपी. नोंदीतले जागेचे आकडे मी आदल्या दिवशी यंत्रात स्वतः घातले होते, बर्निसला हात लावू दिला नव्हता. पंचेचाळीस अंश, सत्तावन्न, चारशे बारा. बाण झक्क चालला. मला इतका आनंद झाला की गुडघा विसरले. पडलेल्या खोडांखालून रांगत, वरून घसरत, मी पुढे आणि बर्निस मागे. आकडा कमी होत होता, नऊशे, चारशे, दीडशे, आणि मी कंबरेपर्यंत पाण्यात गेले. यंत्र म्हणत होतं अजून नव्वद फूट पुढे. पुढे बीव्हरांनी बांध घालून केलेलं तळं.

बर्निस काठावर बसून हसत होती. "हिल्मा, बीव्हरांकडे जेवायला निघालीस का?"

काय झालं होतं ते तू आत्तापर्यंत ओळखलंच असशील. नोंदीत मिनिटांपुढे टिंब असतं आणि टिंबापुढे मिनिटाचे तुकडे असतात. यंत्राची मांडणी होती सेकंदांची. मी चारशे बाराचे एकेचाळीस टिंब दोन सेकंद केले, आणि अर्धा किलोमीटर चुकले. बर्निस म्हणाली प्रत्येक नवा माणूस एकदा हे करतोच, उक्कीनेही केलं होतं आणि तू त्याला दिवसभर चिडवलं होतंस. मला कधी बोलला नाही. तो मला बरंच काही बोलायचा नाही.

मांडणी बदलली, ओले बूट पिळले, पुन्हा निघालो. आणि आयली, सापडला. जुन्या देवदाराचा बुंधा, माझ्या उंचीच्या दीडपट, अंगाला लाकूडतोडे वर उभं राहायला फळ्या खोवायचे त्या दोन खाचा. उक्कीच्या बापाने करवतीने पाडलेलं झाड ते. भोवतीचं सगळं रान झोपलंय आणि बुंधा होता तसा. यंत्राने चौदा फुटांवर आणलं. पुढे माझे डोळे. मी इतक्या जोराने ओरडले की बर्निस पडली.

तर, डबा माझ्याकडे कसा.

उक्कीच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या खोलीत कॉफी चालू होती. तू रडत म्हणालीस, "डब्यात पाणी शिरलं होतं, वही भिजत होती, म्हणून मीच त्याला मंगळवारी फोन करून बघून यायला सांगितलं होतं." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मग तूच मारलंस त्याला." वेलचीच्या पावाचा तुकडा तुझ्या हातात होता. तो तू खाली ठेवलास आणि गेलीस. तेव्हापासून आपण बोललो नाही.

मला खरंच तसं वाटत होतं. तो बुधवारी गाडी घेऊन बाहेर गेला होता, गुरुवारी अंथरुणाला लागला. छाती भरली, त्यातच गेला. मी दोन आणि दोन चार केले.

त्यानंतर महिन्याभराने, नोव्हेंबरमध्ये, मी तो डबा बुंध्यातून काढून नदीत फेकायला गेले. बुंधा उक्कीने मला कधीतरी दाखवला होता. फेकण्याआधी उघडला, कारण रिकामा असता तर कोंबड्यांच्या दाण्यांना चांगला होता. आत बेडूक, दोन नाणी, पेन्सिल आणि शोधणाऱ्यांनी नावं लिहायची नवी वही, कोरडी ठणठणीत. पहिल्याच पानावर त्याचं अक्षर. तसंच्या तसं लिहिते.

"सोमवार, ९ ऑक्टोबर. डब्यात पाणी होतं. पुसला, वही बदलली. पाऊस जोरात. आयलीला सांगितलेलं नाही, ती विचारेल तेव्हा म्हणेन बघतो. हिल्माला सांगणार गटार साफ केलं."

सोमवार. तुझ्या फोनच्या आदल्या दिवशी. बर्निसने त्याला रविवारी चर्चमध्येच सांगितलं होतं की वही भिजली आहे, हे मी नंतर तिला विचारून घेतलं. सोमवारी तो नखशिखांत भिजून आला होता आणि मला गटाराचं म्हणाला होता. कोरडे मोजे मीच दिले होते. तू फोन केलास तेव्हा तो काम करून बसला होता आणि तुझी गंमत करत होता. बुधवारी तो खिळे आणायला गेला होता. खिळे शेडमध्ये आहेत, पिशवीत पावतीसकट.

मी डबा फेकला नाही. जागेवरही ठेवला नाही. ठेवला असता तर कोणीतरी ते पान वाचलं असतं आणि तुला कळवलं असतं. सौनाच्या बाकाखाली ढकलला. सतरा महिने. त्या तिघांना डबा सापडला नाही तो माझ्यामुळे. तुझ्या डोळ्यांपुढे लाल रेघ आहे ती मी मारलेली आहे. तू निरोप उघडत नसशील तर का उघडत नाहीस तेही मला कळतं, वर मी काहीही बोलले असले तरी.

मी चूक होते, हे मला चौदा नोव्हेंबरला दुपारी कळलं. तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही, कारण फोनमध्ये दुसऱ्या बाजूला माणूस असतो.

डबा आता खाचेत आहे. बेडूक आहे, नाणी आहेत, वही आहे, झाकणाचं रबर बदललंय. पान मी फाडलेलं नाही आणि तुला पाठवणार नाही. ते तिथे येऊन वाचायचं. त्याच्या खाली मी माझं नाव आणि तारीख घातली, आणि 'गटार साफ केलं' याच्याखाली रेघ मारली. बर्निसने विचारलं, सापडल्याची नोंद वेबसाईटवर तुझ्या नावाने टाकू का. मी म्हटलं, चोराने चोरी सापडल्याची नोंद करायची नसते.

जूनमध्ये कॉलेज सुटेल. वाट साफ व्हायला उन्हाळा लागेल, तोवर खोडांवरून चढावं लागतं. बूट चांगले आण. यंत्राला सेल नवे घातलेत आणि मांडणी आता बरोबर आहे. मी पुढे चालेन, तू गप्प राहिलीस तरी चालेल. पंधरा फुटांवर मी थांबेन.

तपासनिसाला उत्तर एक मेच्या आत गेलं पाहिजे. बर्निस लिहून द्यायला तयार होती, तिला मी नाही म्हटलं. तुझ्या आईला मध्ये घालायचं नाही. डबा तुझा आहे, उत्तर तू द्यायचं. तुला मला काही म्हणायचं असेल, शिवी असली तरी, तीही तूच लिहायची, तुझ्या हाताने.

तुझी आजी, मुम्मो