ताईच्या बेकरीचं डिजिटल भवितव्य

३ फेब्रुवारी
आजपासून पहाटे पाचला उठायचं. (उठलो साडेनऊला. पण निर्णय पाचचाच आहे.) बिझनेस आणि आयटी, एकत्र डिग्री, एका दगडात दोन पक्षी. दोन्हीकडचे काही विषय राहिलेत, पण ते किरकोळ. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला: ताईच्या बेकरीसाठी ऑर्डर घेणारं अ‍ॅप. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून घराच्या पुढच्या खोलीतली भट्टी ती एकटीच सांभाळते. समोर सुपरमार्केट आलं आणि गिऱ्हाईक आटलं. हा महिना असाच गेला तर भट्टी विकावी लागेल म्हणाली. मी म्हटलं, मी आहे ना. ती पीठ मळत राहिली. भारावली असावी.

९ फेब्रुवारी
आयटीच्या पोरांनी माझा कोड बघितला, म्हणाले तू बिझनेसवाला दिसतोस. बिझनेसवाल्यांनी प्लॅन बघितला, म्हणाले तू आयटीचा का? थोडक्यात, दोन्हीकडे माझं वेगळं स्थान आहे.

१७ फेब्रुवारी
अ‍ॅप सुरू! ऑर्डर आली की ताईचा फोन टिंग वाजतो. तिला बजावलं, स्क्रीनवर दिसेल तेवढंच भाजायचं, अंदाजपंचे बंद. दिवसभर वाजला नाही. नेटवर्कचा दोष.

२४ फेब्रुवारी, सकाळ
उद्या प्रोजेक्टच्या मॅडमना विक्रीचा ग्राफ दाखवायचाय आणि ग्राफ सपाट. वर्गातल्या सगळ्यांच्या नावांनी स्वतःच ऑर्डरी टाकल्या, उद्याच्या. याला लबाडी म्हणत नाहीत. बिझनेसमध्ये फोरकास्ट म्हणतात, आयटीत टेस्ट डेटा. काय चढलाय ग्राफ!

२५ फेब्रुवारी
मॅडमनी मान डोलावली. उड्या मारत घरी आलो. ताई कालपासून भट्टीपुढे. फोन थांबतच नव्हता म्हणे. महिनाभराचा मैदा संपवला होता. केक, पाव, बिस्किटं, एकेका खोक्यावर एकेक नाव, सगळी ओळीने लावलेली. गर्दी बघायला बाबांची खाट दुकानात ओढून आणलेली. बाबांनी दाढी करून घेतली होती. मी सांगणारच होतो. पण एवढ्या आनंदात मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं. त्यांच्याबरोबर बसलो.

२६ फेब्रुवारी
कोणी आलं नाही. शेवटी सांगून टाकलं. ताई ओरडलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, “मग काल दुकान बंद होईपर्यंत आमच्याबरोबर दाराकडे काय बघत बसला होतास?”
 

५ मार्च
तोंडी परीक्षा. खरी गिऱ्हाइकं किती, असं विचारलं. मार्केट अजून तयार नाही म्हणालो. नापास. दोन्ही विभागांचं एकमत झालं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते माझ्यामुळे झालं, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

११ मार्च
सकाळी भट्टी घेऊन गेले. दारातून निघेना, चौकट काढावी लागली. ताई उद्यापासून समोरच्या सुपरमार्केटात काउंटरवर.
संध्याकाळी बाबांनी पाव मागितला. माझा हात सवयीने अ‍ॅपवर गेला. ताईचा फोन टिंग वाजला. ती ओढणीला हात पुसत लगबगीने उठली, भट्टी होती तिथवर गेली आणि तशीच उभी राहिली.
मी म्हटलं, माझीच ऑर्डर होती ती.