फक्त 'आणि पत्नी' एवढेच कोरलेला दगड

प्रति,
मा. व्यवस्थापक, दफनभूमी कार्यालय,
लोमविग चर्च, युटलंड.

विषय : नावाडी आनर्स लिंगे यांच्या थडग्याचा दगड न फोडता वाचनालयाच्या अंगणात ठेवू देणेबाबत (अर्ज तिसरा).
संदर्भ : 'अर्जदार नातेवाईक नाहीत' हे आपले उत्तर, दोन वेळा.

महोदय,

थडग्याच्या जागेच्या भाड्याची मुदत कोणी वाढवली नाही, की दगडाची खडी करायची, हा आपल्याकडचा रिवाज मला मान्य आहे. माझे आजोबाही चर्चच्या वाटेवर खडी होऊन पडले आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

वाचनालयात मी मुलांचा विभाग सांभाळते. इतिहासातली न सुटलेली कोडी वाचून वाचून मुले पिरॅमिडांना कंटाळली. "आपल्या गावात कधी काही घडलंच नाही का?" असे टिल्डेने विचारले, म्हणून मी सर्वांना दफनभूमीत नेले. तेथे हा दगड होता : 'नावाडी आनर्स लिंगे आणि पत्नी'. टिल्डे म्हणाली, "बाईंना नाव ठेवायला कुणी विसरलं काय?"

दगड नातेवाइकांनाच मिळतो असे आपण कळवल्यावर, आम्ही सगळे तिची पणतवंडे आहोत, असा ठराव मुलांनी एकमताने केला. तो फेटाळून आपण 'खरा नातेवाईक आणा' असे लिहिलेत. मुलांनी ते फारच मनावर घेतले.

वृद्धाश्रमातल्या आस्ताआजी लहानपणी लिंगे यांच्या होडीतून खाडी ओलांडत. त्या म्हणाल्या, "आनर्सला पाण्याची धडकी भरायची. तो काठावर बसून घंटा बडवायचा. वल्हवायची ती त्याची बायको, मारेन. वादळात डॉक्टरला पलीकडून आणायची तीच." मला तेथेच रडू आले.

नातेवाइकांबद्दल विचारले, तर आस्ताआजी हसतच सुटल्या. "अगं, मारेनचा पणतू इथंच तर आहे. त्याच्या आईची आजी ती. तोच तर दफनभूमीत पाट्या रोवत हिंडतो."

महोदय, 'नातेवाइकांनी कार्यालयाशी संपर्क साधावा' ही पाटी दगडापुढे वर्षभर उभी होती, आणि नातेवाईक रोज तिच्या शेजारून सायकलने कार्यालयात जात होते.

दगड फोडणारे सोमवारी येणार आहेत. तरी पणतू या नात्याने आपण व्यवस्थापकांकडे त्वरित अर्ज करावा, आणि व्यवस्थापकांनी आढेवेढे न घेता तो मंजूर करावा, ही विनंती. 'पत्नी'च्या पुढे 'मारेन' कोरायला जागा आहे. टिल्डेने मोजून पाहिली आहे.

आपली, आणि आता आपल्या पणजीचीही,
तोवे रीसगोर
दि. १४ जून २०१९

सोबत : आपली पाटी. नातेवाईक सापडल्यामुळे मुलांनी उपटून आणली आहे.