दोन पावलांची जागा

बाबा, चार वाजता मला एका कागदावर सही करून द्यायची आहे आणि हात चालत नाहीये. तू गेलास तेव्हा मी साधी कारकून होते. आता पनवेलजवळच्या एका गोदामात शिफ्ट माझ्या हाताखाली चालते. सरकत्या पट्ट्यावरून खोकी येतात, माणसं ती उचलून मागच्या लाकडी पॅलेटवर रचतात, दिवसभर तेच. काल त्यातला एक जण खोकं घेऊन वळता वळता "आई गं" म्हणून खाली बसला, तो उठेचना. खोकं काही फार जड नव्हतं. आज साहेबांनी कागद तयार करून पाठवलाय, 'कामगाराने चुकीच्या पद्धतीने वजन उचलले'. माझी सही झाली की त्याचं काम गेलं.

मला सकाळपासून आपलं मिठागर दिसतंय. कॉलेजची सुट्टी आहे, मी तुझ्याबरोबर ट्रक भरतेय. मी पाय जागचे हलवत नाही, नुसती कमरेतून वळून मिठाची पाटी आत रिकामी करते. तू मात्र पाटी पोटाशी धरतोस, दोन पावलं टाकून अख्खा वळतोस आणि मग ओततोस. तुझ्या तीन पाट्यांत माझ्या चार होतात, म्हणून मी ऐटीत आहे. तेवढ्यात तू सगळ्यांदेखत ओरडतोस, "कंबर काय बिजागरी हाय गं? आदी पाय वलव, मंग आंग! आज काय व्हनार नाय, पन रोज आसंच केलंस तं उठशील नाय!" बायका हसल्या. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या पाट्या तू मुद्दाम ट्रकपासून लांब नेऊन ठेवल्यास. मला वाटलं, शिक्षा केलीस. किती राग आला होता तुझा!

बाबा, पॅलेट पट्ट्याजवळ मीच आणला. माणसांचं चालणं वाचलं, काम भराभर व्हायला लागलं, साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. चालायला नको म्हणून कोणी पायच उचलेना. काल तो खाली बसला तेव्हा मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. अंग पॅलेटकडे वळलेलं आणि बूट अजून पट्ट्याकडे तोंड करून.

मघाशी साहेबांचा फोन आला, "मॅडम, फॉर्मॅलिटी आहे हो, करून टाका." मी हो म्हटलं. मग कागदावरचं त्याच्या चुकीचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'पॅलेटची जागा मी बदलली होती.' सकाळीच पॅलेट मी स्वतः उभी राहून मागे घ्यायला लावलाय. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, म्हणून तुला सांगते. मागच्या आठवड्यात तोच कामगार माझ्याकडे आला होता. म्हणाला, "मॅडम, पॅलेट जरा मागं घ्या ना, कंबर धरते." मी म्हटलं, "अरे, तुमचंच चालणं वाचवलंय." हे मात्र मी अजून कागदावर लिहिलेलं नाही. चार वाजायला दहा मिनिटं आहेत.