ज्याचं नाव निघालं नाही

मनामा, बहारीन, १ जुलै १९७७

प्रिय शिरीष,

हे पत्र थंडर बेला, तुझ्या संघातल्या डगच्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. तू तिथेच आहेस हे मला कसं कळलं ते शेवटी सांगते. घाईत चाळू नकोस. सावकाश वाच.

इकडे उकाडा नेहमीसारखाच. बाबांना कोल्ड स्टोरेजमध्ये डबल शिफ्ट पडते, कारण मशीनं सारखी बंद पडतात. आतल्या गारठ्यातून बाहेरच्या भट्टीत येऊन त्यांचा खोकला जात नाही. औषध घ्या म्हटलं तर म्हणतात, शिरीष बर्फावर पडून उठतो, मला काय धाड भरली आहे? आता काही दिवस तेही म्हणत नाहीत.

मार्चमध्ये तू पाठवलेली कॅसेट मी इतक्यांदा ऐकली की तुझा आवाज मधेमधे घोगरा व्हायला लागला. ड्राफ्ट म्हणजे काय ते तू त्यात समजावलं होतंस. बर्फावरच्या हॉकीचे मोठे धंदेवाईक संघ माँट्रियलला जमतात, तुमच्यासारख्या हौशी पोरांमधून आळीपाळीनं एकेक नाव उचलतात, आणि पोरं आपापल्या घरी फोनजवळ बसून राहतात. खाली दुकान आहे ना हाशिमभाईंचं, त्यांच्या बायकोला, रुकय्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायला येतात तसंच की गं! मुलगी आत, पसंती बाहेर." आम्ही दोघी खूप हसलो. पण त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. तुझं नाव निघू दे असं देवाला सांगायचे, आणि लगेच तुझा तो पुढचा दात नसलेला फोटो आठवायचा. नाव निघालं तर तू याहून दांडग्या माणसांत जाणार. नाही निघालं तर काय, तो विचार मी पुरा करतच नव्हते.

मामाचा तिकडून पहिला फोन सकाळी खाली दुकानात आला. हाशिमभाई जिन्यातूनच ओरडत आले, "भाभी, निघालं! शिरीषचं नाव निघालं!" मामानं रेडिओवर ऐकलं होतं, चौथी फेरी, डावीकडून खेळणारा रेनी. तुला तिकडे सगळे रेनीच म्हणतात, राणे कुणाला जमतंय! बाबा तसेच कामाच्या कपड्यांत सूकच्या बाजारात गेले आणि हलवा घेऊन आले. कामावर वाटला, बिल्डिंगमध्ये वाटला, टॅक्सीवाल्यालासुद्धा दिला. कुणी विचारलं की हाताच्या पंज्यानं बर्फावर घसरून दाखवायचे. मी त्यांना इतकं बोलताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तो रेनी दुसराच कुणी होता, ओंटारियोतला, खरोखरचा रेनी. सगळ्या फेऱ्या संपल्या होत्या आणि तुझं नाव कुठेच नव्हतं. मामा रडत होता, "ताई, मी नीट ऐकायला हवं होतं. पोरानं माझ्यासमोर टाळ्या ऐकल्या आणि नंतर हे." मग म्हणाला, तू बॅग घेऊन त्याच्या घरातून गेलास, स्केट्स दारातच ठेवून. स्केट्स ठेवून गेला, हे मी त्याला दोनदा सांगायला लावलं.

त्यानंतर काय काय मनात आलं ते लिहीत नाही. बस, रेल्वे, थंडगार तळी, सगळं येऊन गेलं. जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडायचे. लोक अभिनंदन करत होते आणि बाबा मान हलवत होते. शुक्रवारी आपली मराठी मंडळी जमली तेव्हा चंद्रशेखरकाकांनी तुझ्यासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आभार मानतील. ते म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव निघालेलं नाही. चूक झाली होती. पण हलवा मी परत मागणार नाही. पोरगं नऊ वर्षं पहाटे उठून खेळलंय, तो त्याचाच आहे." मग काकांनीच पुन्हा टाळ्या सुरू केल्या. घरी येईपर्यंत बाबांनी माझा हात धरून ठेवला होता, भर रस्त्यात.

आता सांगते. परवा दुकानात फोन आला. ऑपरेटर म्हणाली, कॅनडा, थंडर बे. हाशिमभाईंनी मला बोलावलं. मी हॅलो म्हटलं, पलीकडे कुणी बोलेना. हाशिमभाई म्हणाले, "खलास भाभी, लाइन गेली." पण लाइन गेली नव्हती. मी विचारलं, जेवलास का? दात दुखतो का? मामाला कळवू का? तू काहीच बोलला नाहीस, पण ठेवलाही नाहीस. शेवटी नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मी दुकानातल्या गोणीवर बसून रडले, आणि रुकय्यानं न विचारता चहा आणला. तुमच्या कोचकडून डगचा पत्ता मामानं काल मिळवला. तो गाडी घेऊन तुझ्याकडे यायला निघाला होता, मीच थांबवलं.

आणखी एक आहे. अमेरिकेतल्या एका लहान संघाच्या माणसानं मामाकडे तुझी चौकशी केली, सप्टेंबरात सरावाला ये म्हणतो. बाबा म्हणाले, पत्रात हे सगळ्यात आधी लिही. मी मुद्दाम मागे ठेवलं, नाहीतर तुला वाटलं असतं की आम्ही खेळाडूलाच शोधतो आहोत. जायचं तर जा, नाहीतर सोड, तुझं तू ठरव. त्या दिवशी फोनवर मीच सारखी बोलत राहिले. भीतीनं, रे. म्हणून हे लिहिलं. पुन्हा फोन कर. या वेळी मी गप्प राहीन, तू बोल.

तुझीच,
आई