थेट आईवर गेलेली

३ जुलै, गुरुवार
उजव्या हातानं रोज चार ओळी लिहायच्या, व्यायाम घेणाऱ्या मॅडमचा हुकूम. तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर सुवाच्य अक्षर काढलं, आता ‘श’ काढताना घाम फुटतो. मार्चमध्ये मेंदूचा झटका आला तेव्हापासून हे असं. धाकट्या बहिणीला, कुसुमला, फेब्रुवारीतच आला होता, तोही माझ्यापेक्षा मोठा. तोंड वाकडं, अर्धं अंग गेलेलं. आज तिचा कळंबहून फोन. “ताई, मी आज चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्या उतरली. काठी न घेता.”
छान, म्हटलं. फोन ठेवला आणि माझी काठी भिंतीवर आपटली. आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

८ जुलै
वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात ते... छोटं, दाबायचं... शब्द येईना. यांनी हातात देऊन सांगितलं, चिमटा. कु.ला (पूर्ण नाव लिहायला हात दुखतो) सगळे शब्द परत मिळाले. शेजारणींची जुनी भांडणंसुद्धा तारीखवार.

१६ जुलै
दोघी डॉ.कडे. कु. एकटी एसटीनं आली, मला यांनी धरून नेलं. डॉ.नी विचारलं, घरात कोणाला विसरण्याचा आजार? दोघी एकदम म्हणालो, आईला. मग त्यांनी समजावलं. आईवडिलांकडून एक जीन येतो, त्याचे प्रकार असतात. एक प्रकार असला तर पुढे स्मृती जायचा धोका वाढतो, झटक्यानंतर मेंदू सावरायलाही कदाचित वेळ लागतो. निघाला म्हणजे होईलच असं नाही, नाही निघाला म्हणजे सुटलो असंही नाही. रक्त नागपूरला पाठवता येतं, सक्ती नाही.
कु. लगेच बाही वर करून बसली. मग मलाही करावी लागली.

१७ जुलै
माहेरी, उमरखेडच्या घरी येणारी प्रत्येक बाई माझी हनुवटी धरायची. “हे पोट्टी थेट आईवर गेली.” तेच नाक, तेच केस, तोच आवाज. कु. वडिलांवर. त्यापायी ती एकदा दिवसभर जेवली नव्हती. मी मात्र ते वाक्य दागिन्यासारखं मिरवलं. आम्हाला भाऊ नाही, तर आईच्या महालक्ष्म्याही, भाद्रपदात बसवायच्या त्या दोन गौरी, भांडून मीच आणल्या. मी आईसारखी, मग त्या माझ्याच.
काल सुई टोचताना मनात एकच. वडिलांवर गेले असते तर.

४ ऑगस्ट
कु.चा फोन. “ताई, माह्यात नाही निघालं. तुह्यं आलं का?”
“नाही अजून.”
खोटं. शनिवारीच आलंय. पाकीट कपाटात, साड्यांखाली, बंद. यांनाही सांगितलं नाही. ती विचारत होती, आवाज काहून असा येऊन राह्यला तुहा? म्हटलं, सर्दी.
जळते मी तिच्यावर. चालते म्हणून, बोलते म्हणून, आता ह्याच्यासाठी. लिहिलं की कमी होईल वाटलं होतं.

२२ ऑगस्ट
पोळा. महालक्ष्म्यांचे मुखवटे काढून पुसले. दोन्ही सारखेच दिसतात. मोठीच्या डाव्या कानामागं आईनं काळा ठिपका दिलेला आहे, तेवढीच खूण. आईला ती कधी लागली नाही, नुसत्या नजरेनं ओळखायची.
आईचं विसरणं आम्हाला पहिल्यांदा कळलं ते ह्याच मुखवट्यांवरून. त्या वर्षी तिनं मोठीचा मुखवटा धाकटीच्या धडावर चढवला आणि कौतुकानं बघत बसली. आम्ही दोघी म्हणालो, “राहू दे आई. अशाच गोड दिसून राह्यल्या.” मग स्वयंपाकघरात जाऊन रडलो. नळ सोडून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

२६ ऑगस्ट
कु. म्हणते, यंदा ती येऊन महालक्ष्म्या उभ्या करेल, मी बसून सांगावं. “तुह्या हाताले तरास कायले?” साफ नाही म्हटलं. चालायला तिनं चालावं. मुखवटे मी चढवणार.

३१ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या बसल्या. साड्या यांच्या मदतीनं, मुखवटे मी एकटीनं, उजव्या हातानं. पाच महिन्यांत हाताला इतकी ताकद नव्हती. जाम खूश होते.
कु. दुपारी आली. दारातच थांबली, बघत राहिली.
“काय पाहून राह्यली?”
“काही नाही.” जवळ आली, मोठीचा पदर उगीच सारखा केला. “राहू दे ताई. अशाच गोड दिसून राह्यल्या.”
आणि उद्याच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या चिरायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला.
अर्धा तास झाला, भाज्या धुवायला एवढा लागत नाही. तेव्हा त्या नळापाशी आम्ही दोघी होतो. आज ती आत, मी बाहेर. मला त्याचाही हेवा वाटला.
ठिपका पदराखाली झाकलाय. कु. म्हणाली होती, परवा मुखवटे उतरवायला ती थांबेल, तेव्हा दिसेलच. पण उठून पाहायचं तर इथून दोनच पावलं आहेत.