रामा रंगाची साडी

प्रिय मुखरूभाऊ,

हातानं लिहिलेलं पत्र बघून आधी घाबरून जाऊ नकोस. आई ठणठणीत आहे. इथं सगळे बरे आहेत. धान कापून झालं, पुंजणे रचून झाले, आता चुरणं-मळणं तेवढं राहिलंय. परवा नाल्याकडे वाघानं शेजारच्या बायनाबाईची गाय मारली, म्हणून चार वाजले की सगळे शेतातून घरी. बाकी मला दिवाळीची सगळी खबर तुला द्यायची आहे, आणि ती तुला माहीत असणं फार जरुरी आहे. तेव्हा नीट वाच. सीतावहिनीच्या हातात देऊन आपण टीव्ही बघत बसू नकोस.

तर खरेदी. दिवाळीच्या आधी मी आणि तुझी भाची दिव्यानी सिंदेवाहीला गेलो. पहिला घेतला मिक्सर. जुना तुला माहीत आहे, झाकणावर हात दाबून धरला नाही तर चटणी थेट छपराच्या कवेलूंना. नवा तीन भांड्यांचा आहे, पण त्यातलं एक भांडं घरी आणल्यावर गळायला लागलं, ते बदलायचं मागे पडलं. दिव्यानीनं जीन्स घेतली, दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. आई तिच्यावरून हात फिरवून म्हणते, "दुकानदारानं फसवलं वं पोरीले." ह्यांना चपला घेतल्या, त्या अजून डब्यात आहेत, जुन्या तुटल्याशिवाय हे घालणार नाहीत. आईला जांभळं स्वेटर घेतलं, ते ती दुपारच्या उन्हातसुद्धा काढत नाही. चकल्या झक्क झाल्या. अनारसे मात्र तेलात विरघळले. आम्ही त्यांचा चुरा चमच्यानं खाल्ला आणि कोणाला काही सांगितलं नाही. कोथिंबीर भरून सांबारवड्या पंचवीस केल्या होत्या. एवढ्या कोणासाठी केल्या होत्या ते तुला सांगायला नको.

आता ती गोष्ट, जी वर्षभर आपण दोघं बोललो नाही. मंडईची, दिवाळीनंतरच्या आमच्या गावच्या जत्रेची. आपल्याकडे मंडईचं आवतन म्हणजे सोयऱ्याच्या दारी जायचं आणि त्याच्या हातावर सुपारी ठेवायची. बाबांनी पायी जाऊन केलं, ह्यांनी सायकलवर केलं. मागल्या वर्षी माझ्या हातात नवा फोन आला आणि मला शिंगं फुटली. दिव्यानीनं रंगीत कार्ड बनवून दिलं, लुकलुकत्या दिव्यांचं, 'सहकुटुंब यावे' वगैरे, आणि मी ते 'सोयरे मंडळी' ग्रुपवर टाकून मोकळी झाले. एका बोटात एकशे बारा जणांना आवतन. मी खूश! तू म्हणे वहिनीला म्हणालास, "मी का एकशेबारावा सोयरा हावो?" आणि आला नाहीस. पाळणे आले, दुकानं लागली, नाटकाचा मंडप पडला, गावातल्या घराघरात पाहुणे मावेनात, आणि माझ्या ओसरीवर तुझी बाज रिकामी.

मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. खाणीत वीस वर्षं काढलेला माणूस एका मेसेजवर लहान पोरासारखा रुसतो! मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. उन्हाळ्यात तुमच्या घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीनं आईचा खोकला वाढला, तेव्हा तिला सोडायला तू आलास तो फाट्यापर्यंत. ह्यांच्या हाती तिची पिशवी दिलीस आणि तिथूनच गाडी वळवलीस. दर रविवारी दिव्यानीच्या फोनवर आईशी बोलतोस, तेव्हा मी चुलीपाशी हात पुसत उभी असते. "बाकी बरे हायेत ना सब?" एवढं विचारतोस. त्या 'सब'मध्ये मी येते, असं धरून चालते.

भाऊबीजेला मला वाटलं, राग राग म्हणून किती राहील, आज तरी येशील. सकाळीच पाट मांडला. प्रत्येक गाडीच्या आवाजाला दारात जाऊन बघत होते, हँडलला दरवर्षीसारखी दुकानाची पिशवी लटकलेली दिसते का. सूर्य बुडाला तरी तू नाहीस. मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. बीजेची कोर, तीही झाडाआड जायच्या घाईत. ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात रे, भाऊ. मला खूप रडू आलं. आईला सांगितलं, धुरानं डोळे चुरचुरतात.

दुसऱ्या दिवशी मिक्सरचं गळकं भांडं बदलायला सिंदेवाहीला गेले आणि तिथं साडी घेतली. रामा रंगाची, बारीक जरीच्या काठाची, पदरावर मोर. स्वतःच स्वतःला. परत आले तर बायनाबाई आईपाशी बसून तिच्या भावानं दिलेली साडी दाखवत होती. माझी पिशवी बघून म्हणते, "मुखरूभाऊनं देल्ली का?" माझ्या तोंडून हो निघून गेलं. म्हटलं, कुरिअरनं पाठवली. ती म्हणते, "कवा आला कुरिअरवाला? मी त सकाळपासून दारातच बसून राह्यलो." मग सांगावं लागलं की फाट्यावरच्या दुकानात ठेवून गेला. मग सांगावं लागलं की तुला डबल ड्युटी लागली म्हणून येता आलं नाही. मग सांगावं लागलं की साडी चंद्रपूरच्या गोल बाजारातली आहे. मिक्सरही तूच दिलास असं तिनं आपल्या मनानं धरून घेतलं, ते मी दुरुस्त केलं नाही. आईनं साडीवरून हात फिरवला, काठ चाचपला आणि म्हणाली, "चांगली हाये." त्या दिवसापासून जो येईल त्याला ती सांगत असते, मुखरूनं बहिणीला मोराची साडी पाठवली.

मला धसका एकच होता, रविवारी फोनवर आई तुला साडीचं विचारणार. विचारलं का तिनं? नाही ना? गुडघ्याचं बोलली, धानाचं बोलली, स्वेटरचं दहा मिनिटं बोलली, साडीचा शब्द नाही. फोन ठेवल्यावर मीच विचारलं, साडीचं का नाही काढलं? तर म्हणाली, "मुखरूनं कधी फॉल लावून साडी आणली का वं? त्याले फॉल म्हणजे का, थे तरी मालूम हाये का?" भाऊ, साडीच्या दुकानाला लागूनच शिलाईवाली बसते, तिच्याकडून मी हौसेनं फॉल-पिको करून घेतलं होतं. आईला डोळ्यांनी धड दिसत नाही, पण तिनं बोटांनी ओळखलं. पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि तरी गावभर तुझं नाव सांगत फिरली. मग म्हणाली, "उसव थो फॉल. आन् आवतन लिव, हातानं. मोबाईलवर पाठवशील त तंगडं तोडीन."

म्हणून हे पत्र. मी स्वतः येणार होते, पण आईला एकटं सोडवत नाही, म्हणून हे घेऊन आलेत. मंडई येत्या मंगळवारी आहे. मागल्या वर्षी चूक माझी झाली, मोठ्या भावाला मी गर्दीत मोजलं, मला माफ कर. ह्यांच्या हातातल्या पिशवीत ती साडी आहे. फॉल उसवलाय, घडी मोडलेली नाही, ब्लाउजपीस कापून घेऊन मी शिवायला टाकलाय, कारण तो तू दुकानात विसरतोसच. मंगळवारी येताना ही पिशवी गाडीच्या हँडलला लटकवून आण. बायनाबाई दारातच बसलेली असेल, तिच्यासमोर गाडी जरा हळू कर. म्हणावं, कुरिअरवाल्यानं पत्ता चुकवला, फॉल उसवला, काहीही म्हण, मी हो ला हो करीन. बीज निघून गेली तरी पाट मी अजून उचललेला नाही. आणि पिशवीच्या तळाशी सुपारी आहे, ती आधी हातावर घे.

तुझी एकच बहीण,
तुझीच दुर्गा