जर्मनांवरचं मन उडालं

५ जाने.
आयुष्यभर कॉलेजात पोरांना सांगत आलो, तत्त्वज्ञान वाचणारा एक तर जर्मनांचा असतो, नाही तर फ्रेंचांचा. मी जर्मनांचा. आणि आता निवृत्तीनंतर चक्क पक्षांतर! जाडा जर्मन ग्रंथ आज मिटून ठेवला. भाषांतरातसुद्धा ती पानभर लांबीची वाक्यं, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होतं. फ्रेंच बरे. चार ओळींत चिमटा काढतात नि मोकळे होतात. वयानुसार चव बदलते. सौ. मंदालाही हल्ली स्वतःच्याच हातची आमटी तिखट लागते.

१२ जाने., रवि.
भाऊसाहेब आला. जुना विद्यार्थी. तिसगावची संत्र्याची बाग सांभाळून दर रविवारी भिंगारला येतो, माझ्यासमोर वाचायला बसतो. त्याला पक्षांतर सांगितलं. हसला नाही.
"सर, हे तुमी मागल्या रविवारी बी बोल्ला हुता."
बोललो असेन. मास्तरकी हाडात मुरलीय, दोनदा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

१९ जाने.
भाऊसाहेब गेल्यावर फ्रेंच पुस्तकातलं मृत्यूवरचं प्रकरण पहिल्यांदाच वाचलं. फार आवडलं. माझी जुनी खोड, प्रकरण संपलं की खाली पेन्सिलीने तारीख टाकायची. टाकायला गेलो तर तिथे आधीच दोन. २ डिसेंबर. २८ डिसेंबर. दोन्हींपुढे 'फार आवडलं'. अक्षर माझंच.
तिसरी टाकली नाही. पुस्तक कपाटात, स्वेटरांखाली.

२१ जाने.
मंदाला सांगितलं नाही. पण तिला ठाऊक असावं. मला गॅसपाशी जाऊच देत नाही. "अहो, मी करते चहा. तुम्ही वाचत बसा." पूर्वी हेच ती चिडून म्हणायची.

२२ जाने.
जाडा जर्मन पुन्हा काढला. एकच वाक्य, बोट ठेवून. चार वेळा. अर्ध्यावर आलो की मागचं सगळं
चवीचा प्रश्नच नव्हता तर. भीती वाटते. पुस्तकांचं जाऊ दे. एक दिवस मंदाकडेच बघून

२४ जाने.
मीच म्हटलं, डॉक्टरकडे चल. नगरला जाऊन मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरांनी कागद दिला, घड्याळाचं चित्र काढा म्हणाले. काळ या विषयावर मी तासन्‌तास बोललोय. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले. मंदाने कागद पाहिला नि खिडकीबाहेर बघत राहिली. रिपोर्ट सोमवारी.

२६ जाने., रवि.
"सर, आज कुटनं सुरू करू?"
इतकी वर्षं मीच सांगत आलो. आज म्हटलं, तू ठरव.
त्याने कव्हरवरचं नाव पंजाखाली झाकून पुस्तक उघडलं. मोठ्याने, सावकाश वाचलं. इतकं सुंदर की डोळ्यांत पाणी आलं. वा, म्हणालो.
"वळकलं का, सर?"
"अरे, म्हणजे काय!"
त्याने पुस्तक मिटून पालथं ठेवलं. जर्मनांचं होतं की फ्रेंचांचं, मला कळलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही.
उद्या सोमवार.